करमी खिंडीतली अकरा मिनिटं

पेठ रोड, नाशिक
१२ डिसेंबर २००४

वाल्मीक,

आठ वर्षांनी माझं पत्र बघून तू ते न वाचताच चुलीत घालशील, हे मला माहीत आहे. घालायच्या आधी दोन ओळी वाच. मी सहादू गावित. सुळक्याच्या छातीत बसून पाच वर्षं तुझ्या आवाजावर ज्याने पाय टाकले, तोच.

अरे, सुळका नाशिकला आलाय! तुकडे करून आणला. तीन ट्रेलर होते. एकावर पाय, एकावर धड, एकावर हात आणि डोकं. द्वारका चौकात अडीच तास गाड्या अडकल्या. लोक गच्च्यांवर चढून बघत होते. एक बाई पोराला म्हणाली, "रावण हाये रे, दसऱ्याचा उरलेला." मी तिथेच उभा होतो. म्हटलं, "रावण नाय बाई, लढाईचं यंत्र हाय, आणि चालवणारा तुमच्यासमोर उभा हाय." तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पोराला घेऊन निघून गेली. विश्वास बसला नाही. मी अंबडला क्रेन चालवतो, अंगात तोच मळका शर्ट होता, तिचं तरी काय चुकलं?

शहराबाहेरच्या माळावर त्याला पुन्हा जोडून उभा करणार आहेत, पूर्ण बेचाळीस फूट. पायथ्याशी काळा दगड बसवायचा आणि त्यावर त्याची हकीकत कोरायची. सोबत एक पुस्तिका निघणार आहे. दोन्हींचा मजकूर आपले देवरे साहेब लिहितायत. तेव्हाचे मेजर धनराज देवरे, आता कर्नल होऊन निवृत्त झाले, गंगापूर रोडला राहतात. गुडघे गेलेत, आवाज तोच आहे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गावित, इतिहास आणि डावपेच तू सांग, मी लिहून घेतो."

मी सांगितलं ते तुलाही सांगतो, चूक असेल तर कळव. सुळका बांधला डोंगरातल्या लढाईसाठी. रणगाड्याला उभा चढ चढता येत नाही, मग दोन पायांवर चालणारं यंत्र करू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. एक्क्याण्णव साली पहिली चाचणी झाली आणि सहाव्या पावलाला तो कोरड्या नाल्यात तोंडावर पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा आत मीच होतो. माझे पुढचे दोन दात तिथेच राहिले. कारण एवढंच की चालक बसतो तीस फुटांवर, छातीत, आणि त्याला मशिनीचे पाय दिसत नाहीत. इंजिनियर लोकांनी पायांना कॅमेरे लावले. चिखल उडाला की कॅमेरे आंधळे.

तेव्हा मी साहेबांना म्हणालो होतो, साहेब, आमच्या सुरगाण्याकडे बोहाडा असतो. देवाचा लाकडी मुखवटा चढवून माणूस नाचतो, त्याला आम्ही सोंग म्हणतो. त्यालाही पायाखालचं दिसत नाही. म्हणून एक जण त्याच्याकडे तोंड करून उलटा चालतो आणि त्याला नेतो. मशिनीपुढे असा एक माणूस द्या. साहेब हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी त्याच दिवशी वर कागद पाठवला. तिथून 'पायवाट्या' हे पद निघालं. वायरलेस घेऊन दोनशे पावलं पुढे राहायचं, जमीन बघायची, डावा टाक, उजवा टाक, थांब, असं सांगायचं. चालकाने दुसऱ्या कुणाचंही ऐकायचं नाही. आणि त्या जागेवर आला सायखेड्याचा वाल्मीक कुटे. गोदावरीच्या गाळात बैल कुठे फसेल हे ज्याला बांधावरून कळायचं, असा माणूस.

त्यानंतर सुळका एकदाही पडला नाही. हे मी साहेबांना टेबलावर हात आपटून सांगितलं.

आता मुद्द्याचं. दगडाच्या मजकुरात करमी खिंडीबद्दल एक वाक्य आहे. "पायवाट्याने जागा सोडल्यामुळे तुकडी अकरा मिनिटे उघड्यावर थांबली." त्याच आरोपावर तुला फौजेतून काढलं, आणि आता तेच दगडात जाणार. तुझं नाव त्यात नाही, पण पायवाट्या एकच होता. मी साहेबांना सुचवलंय की तिथे "तांत्रिक बिघाडामुळे" असं घाला. ते म्हणाले, तुम्ही दोघांनी तसं लिहून दिलं तर घालतो. सोबत कागद पाठवतोय, माझी सही केलेली आहे. तू कर आणि मोकळा हो. वीस फेब्रुवारीला दगड कोरायला घेणार आहेत, त्याच्या आत पाठव.

रामराम लिहितो. घ्यायचा की नाही ते तू बघ.

सहादू


पेठ रोड, नाशिक
३ जानेवारी २००५

वाल्मीक,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं वाटलंच होतं. तरी लिहितोय, कारण डावपेचाचं प्रकरण झालं आणि ते तपासायला तुझ्याशिवाय माणूस नाही.

कुणीतरी पहिल्या मसुद्यात लिहून ठेवलं होतं की सुळक्याने शत्रूच्या चौक्या पायाखाली चिरडल्या. मी साहेबांचं पेन घेतलं आणि ते खोडलं. कसल्या चौक्या न् काय! पाच वर्षांत आपण एक कोंबडीचं खुराडं चिरडलं, तेही माघारी येताना, आणि त्या म्हातारीने तुला किती शिव्या घातल्या ते आठवतंय ना? सुळका मारायला नव्हताच. सुळका दिसायला होता. उजाडताना त्याला डोंगराच्या धारेवर नेऊन नुसता उभा करायचा. समोरच्याला राहवत नाही, तो लपवलेल्या सगळ्या तोफा त्याच्यावर सोडतो. तोफ बोलली की तिची जागा कळते. मग मागून आपल्या तोफा तिचा समाचार घेतात. आपण आत बसून खायचे ते फक्त दणके. साहेब म्हणाले, हे वाचून लोकांना मजा येणार नाही. मी म्हटलं, न येऊ दे, पण खरं हे आहे.

नाल्यात गुडघ्यावर बसवून त्याच्या मांडीवरून जवान पलीकडे काढायचे, तेही लिहिलं. ती तुझीच युक्ती, तुझ्या नावाने लिहिली. आणि तिसरी चाल म्हणजे आडोसा. झाड नाही, दगड नाही, अशा उघड्या चढावर दोन्ही पायांच्या मागे चाळीस जवान चालवायचे. सुळका जेवढा सरकेल तेवढेच ते सरकणार. तो थांबला की तेही थांबणार, आणि बाजूने मारा झाला तर उघडे पडणार. म्हणून नियम केला की काहीही झालं तरी पायवाट्याने जागा सोडायची नाही. तो हलला की मशीन आंधळी.

करमी खिंडीत हीच चाल होती. तिच्याबद्दल मी फार सांगितलं नाही. चौकशीच्या कागदांत सगळं आहेच, म्हटलं त्यावरून घ्या.

चिमणाबाई चहा देत होती, ती म्हणाली, "खुराड्याची गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना दहादा सांगितलीत. खिंडीचं पान आलं की तुम्हाला लगेच कामावर जायचं असतं." बायकोला फौजेतलं काय कळतं? जाऊ दे.

कागदावर सही करून पाठव. उशीर करू नको.

सहादू


पेठ रोड, नाशिक
१९ जानेवारी २००५

वाल्मीक,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत मला लिहिलेले तुझे शब्द मोजून सात. "मशीन कधी बिघडली नव्हती. सही करणार नाही."

लय ताठ आहेस! इथे मी साहेबांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवतोय, कामावर खाडे करतोय, कुणासाठी? बिघाड लिहिला असता तर कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? लोखंडाला काय अब्रू असते? एक सही केली असतीस तर सगळ्यांचंच भागलं असतं.

हे सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळ झालीय. मधे माळावर जाऊन आलो. पाय जोडून झालेत, धड चढवतायत. डाव्या घोट्यावर आपण रंगाने काढलेली खूण अजून आहे. मी तिथे उभा राहून विचार केला की ज्या मशिनीसाठी मी टेबलावर हात आपटतो, तिच्याच नावावर मी बिघाड लिहून द्यायला निघालो होतो. तू निघाला नाहीस. तुला काढून टाकलं, तरी तू निघाला नाहीस.

कागद फाडून टाक. माझ्याकडची नक्कल मी फाडलीय.

सहादू


पेठ रोड, नाशिक
८ फेब्रुवारी २००५

वाल्मीक,

चिमणाबाई समोर बसलीय. लिहून होईपर्यंत ताट वाढणार नाही म्हणते. तिला काल रात्री सगळं सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदा सांगितलं.

तुला माहीत असलेली गोष्ट तुलाच सांगतोय, पण कारण तुला माहीत नाही. आमच्या पाड्यावर एक सोंग आमच्या घराण्याकडे आहे. मुखवटा चढला की आतला माणूस माणूस राहत नाही, त्याने बोलायचं नाही. बोलला तर सोंग बाटलं, घराण्याकडून जातं. माझ्या बापाला एकदा मुखवट्यात विंचू चावला. तो नाच संपेपर्यंत नाचला आणि हूं की चूं केलं नाही. मी सात वर्षांचा होतो, समोर उभा होतो. मुखवटा काढला तेव्हा त्याचा गाल वांग्यासारखा झालेला होता, आणि सगळा गाव त्याच्या पाया पडत होता.

सुळक्यात पहिल्यांदा चढलो, झडप लागली, आत अंधार आणि समोर बघायला दोन फटी. माझं तोंड मिटलं. मी ठरवून केलं नाही रे. खाली उतरलो की बडबड्या, आत बसलो की मुका. तू वायरलेसवर विचारायचास, "सहाद्या, बरा हायेस का?" आणि मी पान्याने माइकवर एकदा टकटक करायचो. दोनदा म्हणजे नाही. तू ते चालवून घेतलंस, एकदाही विचारलं नाहीस की असं का. साहेबांना मशिनीची खबर नेहमी तूच द्यायचास, त्यामुळे बाकी कुणाला कळलंच नाही.

करमीला खांद्यावर गोळा बसला. तू म्हणालास थांब, मी थांबलो. मग तू विचारलंस, बरा आहेस का. मी टकटक केली. त्या दणदणाटात ती तुला कशी ऐकू जाणार? पुन्हा विचारलंस, पुन्हा टकटक केली. नऊ वेळा विचारलंस वाल्मीक, मी मोजलंय. शेवटी तू ओरडलास, "सहाद्या, पाया पडतो तुझ्या, एक शब्द बोल!" मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बोट बटणावर होतं. जखम नव्हती, काही नव्हतं. मी बोललो नाही.

मग तू खडकामागून निघालास. दोनशे पावलं उघड्यावर धावत आलास, पायाच्या कड्या धरून तीस फूट चढलास, आणि फटीला डोळे लावून आत पाहिलंस. मी धडधाकट बसलेला. मी मान हलवली. तू शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालास, "हायेस ना," आणि उतरलास. उतरताना गोळा जवळच पडला, तू धुळीत दिसेनासा झालास, मग उठून खडकाकडे धावताना दिसलास. त्या अकरा मिनिटांत मागचे तीन जवान जखमी झाले.

चौकशीत मला विचारलं, "चालक गावित, वायरलेसवर उत्तर दिलं का?" मी म्हणालो, "दिलं साहेब."

तुरुंगाला मी घाबरलो नव्हतो. घाबरलो हसण्याला. खरं सांगितलं तर म्हणतील, बघा, डोंगरातला अडाणी, एवढं मोठं यंत्र हातात दिलं आणि हा आत सोंग घेऊन बसला. मशीन माझ्याकडून काढतील. तू शेजारीच बसला होतास. मी खोटं बोललो तेव्हा तू वळून माझ्याकडे पाहिलंस. टकटकीची गोष्ट तू सांगितली असतीस तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. तू सांगितली नाहीस. मला वाटतं, मी स्वतःहून सांगेन म्हणून तू थांबलास. तुला घरी पाठवलं आणि मला पदक दिलं.

आणखी एक तुझ्यापासून लपवलंय. दोन हजार साली मी सायखेड्याला आलो होतो. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, वाल्मीक कुटे कुठे राहतात. तो म्हणाला, "कोणता, पळपुट्या कुटे का?" टपरीवरचे सगळे हसले. मी त्यांच्यातल्या एकालाही काही बोललो नाही. चहा पिऊन आलो त्याच गाडीने परत गेलो.

माझं चुकलं, वाल्मीक. तुझं आयुष्य मी नासवलं आणि पदक लावून फिरलो. मला माझी लाज वाटते. पंधरा तारखेला साहेबांकडे जातोय. माफी मागत नाही, ती कागदावर मागायची गोष्ट नाही.

सहादू


पेठ रोड, नाशिक
२ मार्च २००५

वाल्मीक,

जाऊन आलो. सांगून आलो. सगळं सांगितलं, सोंगापासून विंचवापर्यंत. साहेबांच्या हॉलमध्ये पुस्तिकेचं काम बघणारे आणखी दोघे बसले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. एकांत मागितला असता तर पुन्हा पाय मागे आला असता.

कुणी हसलं नाही.

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "गावित, तू मशिनीत चढायचास ना, त्या प्रत्येक वेळी मी वर्कशॉपच्या मागे जाऊन नारळ फोडायचो. एकटा. तुम्ही पोरं हसाल म्हणून कुणाला दाखवलं नाही." मेजर साहेब आमच्या हसण्याला घाबरून नारळ लपवत होते, मी त्यांच्या हसण्याला घाबरून खोटं बोललो, आणि भरलंस तू! मी तिथे सोफ्यावर बसून रडलो. साहेबांनी पाणी आणून दिलं आणि नंतर मला चांगलं झापलं. "आठ वर्षं, गावित? एका माणसाची आठ वर्षं?" झापलं ते बरं केलं.

माझा सही केलेला जबाब साहेबांनी वर पाठवलाय, सोबत स्वतःचं पत्र जोडलंय. पदक मी त्याच पाकिटात घातलं. तुझी बडतर्फी कधी फिरवतील ते साहेबांनाही सांगता येत नाही. आशा लावत नाही, पण पाठपुरावा सोडणार नाही, दर महिन्याला जाऊन बसेन. दगड मात्र आपल्या हातात होता. त्यासाठी पाच दिवस थांबवून घेतला. वाक्य मी सांगितलं, साहेबांनी फक्त शुद्धलेखन बघितलं. असं आहे:

"करमी खिंडीत चालक सहादू गावित याने हाकेला उत्तर दिले नाही. पायवाट्या वाल्मीक कुटे हे त्याला वाचवण्यासाठी गोळीबारातून मशीनवर चढून गेले."

कोरणारा यादव म्हणून आहे, कळवणचा. त्याने छिन्नी लावायच्या आधी मला विचारलं, "बाबा, हे गावित तुम्हीच ना? मग बारीक काढू का, कुणाला पटकन दिसणार नाही?" मी म्हटलं, दोन्ही नावं सारखी काढ. तो कोरत होता तेवढा वेळ मी तिथून हललो नाही. काल पूर्ण झालं. साहेब म्हणाले, उद्घाटनाला तू खुर्चीवर बसायचं. मी म्हटलं, वाल्मीक येत असेल तर बसतो, नाहीतर मागे लोकांत उभा राहतो.

मग एसटीडीवरून तुझ्याकडे फोन लावला. तुझी तृप्ती बोलली. केवढी झाली रे! मी नाव सांगितलं. मग म्हणाली, "काका, पप्पांना फोनवर नाय बोलता येत. उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाय, फौजेतून आले तेव्हापासून. डाव्यानेही मोठ्याने बोलावं लागतं." तो गोळा. तू धुळीतून उठून धावलास, मी म्हटलं वाचला, आणि मला कुणी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं, कोण सांगणार?

तिला विचारलं, माझी पत्रं वाचतो का? म्हणाली, "पत्र आलं की मळ्यात घेऊन जातात. दिवस मावळला की येतात." मी म्हटलं, मी आलो तर चालेल का, विचार. ती रिसीव्हर ठेवून गेली. तिचा मोठ्याने बोललेला आवाज मला इकडे ऐकू आला. तुझा आला नाही. परत येऊन म्हणाली, "काय बोलले नाय काका. पण नको पण नाय म्हणले."

उद्या सकाळच्या गाडीने येतोय. त्या टपरीवर आधी थांबणार. कुणी पळपुट्या म्हटलं तर बाकावर उभा राहून दगडावरचं वाक्य सगळ्यांना म्हणून दाखवणार, नाही म्हटलं तरी दाखवणार. मग तुझ्या दारात येईन. दार उघडं असलं तर आत, नसलं तर ओट्यावर. तू एक शब्द बोलला नाहीस तरी मी उठणार नाही. तुझ्या डाव्या बाजूला बसेन आणि मोठ्याने बोलेन.

तुझा,
सहादू